डाव्या बाजूचा आणखी एक फोटो

ताईच्या दुसऱ्या केमोला मी तिच्याबरोबर गेले होते. तिच्या हाताला सलाईन लावून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "तुमची मॅमोग्राफी कधी झाली?" मी म्हटलं, झालीच नाही, मला कुठे काही दुखत नाही.

"यांनाही दुखत नव्हतं," ते म्हणाले.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. येरवड्यात वडिलांनी बांधलेल्या घरात एकटी राहते. मी अकरावीत असताना आई गेली, तेव्हापासून माझी आई म्हणजे तीच. माझं लग्न तिने जमवलं, बाळंतपण तिने केलं. मी सरकारी कार्यालयात नोकरी करते, नवरा आणि बारावीतल्या मुलीसोबत वारज्यात राहते. शहराच्या दोन टोकांना आम्ही दोघी, पण सकाळी फोनवर बोलणं झाल्याशिवाय दोघींपैकी कोणीही घराबाहेर पडत नसे.

डॉक्टरांनी मग आईचं विचारलं. आई कशाने गेली? ताई म्हणाली, काविळीने. त्याच वेळी मी म्हणाले, पोटात पाणी झालं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. इतकी वर्षं दोघींनी आपापलं उत्तर धरून ठेवलं होतं आणि कधी ताडून बघितलं नव्हतं. आमचे वडील चळवळीतले. मुलींनी शिकलंच पाहिजे म्हणून वस्तीत घरोघर फिरायचे. पण आईला काय झालंय ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. "आजारी आहे, तिला त्रास देऊ नका," एवढंच.

ताई हळू आवाजात म्हणाली, "शेवटी शेवटी आई ब्लाऊजच्या आत मऊ धोतराची घडी ठेवायची. एकाच बाजूला. मी धुवायला घेतली की हातातून काढून घ्यायची."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आता खात्रीने काही म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले. पण मी तपासणी करून घ्यावी आणि उशीर करू नये.

त्या दिवसापासून मला माझ्या अंगाचा भरवसा उरला नाही. अंघोळ करताना हात आपोआप छातीकडे जायचा. आधी एक गाठ लागली, मग तशाच सगळीकडे लागायला लागल्या. उजवीकडे लागली की वाटायचं, इथे आहे म्हणजे तिथेही असेल. ऑफिसमध्ये कॉम्प्युटरपुढे बसले असताना अचानक उठून बाथरूमला जायचं, कडी लावून पुन्हा चाचपायचं, आणि परत येऊन त्याच फाइलचं तेच पान वाचायचं. जेवणाला चव राहिली नाही. नवरा धीर द्यायचा तेव्हा त्याचा राग यायचा, आणि तो गप्प बसला की आणखी राग यायचा.

मला मरणाची भीती वाटत होती का? थोडी वाटत होतीच. पण जास्त भीती वेगळीच होती. ताईला उलट्या झाल्या की भांडं धरायला मी होते. तिला चव लागेना तेव्हा पेज करून घेऊन जायला मी होते. तिचे केस गेले तेव्हा उशीवरचे केस गोळा करायलाही मीच होते. मीच आडवी पडले तर तिचं कोण? आणि माझ्या मुलीचं? तिची आजी, तिची मावशी, तिची आई, अशी रांग डोळ्यांपुढे यायची आणि त्या रांगेच्या शेवटी माझी पोरगी फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलेली दिसायची.

ऑफिसमधल्या माझ्या शेजारच्या बाई मंगळवार करतात. ताईचं कळल्यापासून तिच्यासाठीही त्यांनी देवाला साकडं घातलं होतं. त्या दिवसांत मला त्यांचा हेवा वाटला. मी विहारात जाऊन बसले. लहानपणापासून पाठ असलेली वंदना म्हटली, पण आमच्या धम्मात कुणाकडे काही मागता येत नाही. वडिलांनी आम्हाला तसंच वाढवलं आणि मला त्याचा अभिमानच होता. पण त्या संध्याकाळी मला मागायचं होतं. हात जोडून, नाक घासून, कुणाकडे तरी मागायचं होतं. समोरची ती शांत मूर्ती बघून मला रडू आलं आणि मी उठून चपला घातल्या.

तपासणीची वेळ घ्यायला कोथरूडच्या एका सेंटरला फोन केला, तर तिथल्या मुलीने सांगितलं की पाळी सुरू झाल्यावर पुढच्या आठवड्यात या, तेव्हा छाती कमी हुळहुळी असते, त्रास कमी होतो. मी पाळीची वाट बघायला लागले. माझं वय सेहेचाळीस, पाळीचा काही नेम राहिला नव्हता, आणि नेमकी तेव्हाच ती येईना. महिना गेला. दुसरा गेला. छाती जड झाली होती, दुखत होती, आणि ते दुखणंही मला भलतंच काही वाटत होतं. रोज उठून मी वाट बघायची आणि रोज मनात कुठेतरी बरंही वाटायचं, की चला, आज जायला नको.

ताईने हे बरोबर ओळखलं. तिने मला फोनवर झापलं. पाळीची सबब पुढे करून मी लपून बसलेय, असं ती म्हणाली. मग तिने स्वतःच तिच्या डॉक्टरांना विचारलं. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांनी कधीही यावं, थोडं जास्त दुखेल इतकंच, पण थांबू नये, असं त्यांनी सांगितलं. ताईने लगेच कोथरूडच्या त्या सेंटरमध्ये माझं नाव नोंदवलं.

आदल्या दिवशी तिने फोनवर माझी तयारी करून घेतली, सहलीला निघालेल्या वर्गाला सूचना द्याव्यात तशी. साडी किंवा वन-पीस नको, कुर्ता आणि सलवार घाल, म्हणजे फक्त वरचं काढावं लागेल. सकाळी अंघोळ कर, पण पावडर नको, डिओ नको, क्रीम नको. काखेतसुद्धा काही नको. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसतात आणि मग उगाच घोळ होतो. गळ्यातलं घरी काढून ठेव. जुने काही रिपोर्ट असतील तर सोबत घे. पोटभर खाऊन ये, उपाशी राहायची गरज नाही.

"मला हे कोणीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मी भरपूर पावडर लावून गेले होते. त्या बाईने सगळ्यांसमोर सांगितलं, धुऊन या. बेसिनपाशी उभी राहून ओल्या रुमालाने पुसत होते. गाठ तर मला लागलेलीच होती. तरी मला त्या पावडरचीच लाज वाटत होती."

मी तिला येऊ नकोस म्हटलं. तिच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा रजा घेऊन माझ्यासोबत येणारच होता. ती हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सेंटरवर पोचलो तर ती आमच्या आधीच येऊन दाराबाहेरच्या बाकड्यावर बसली होती, डोक्याला सुती स्कार्फ, तोंडावर मास्क, मांडीवर पाण्याची बाटली. येरवड्याहून एकटी रिक्षाने आली होती. मला राग आला आणि तितकंच बरंही वाटलं.

रिसेप्शनवरच्या बाईंनी कागद भरून घेतला. पेशंट कोण, असं त्यांनी ताईकडे बघत विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग त्यांना कशाला आणलंत या अवस्थेत?" ताईने मास्कआडून शांतपणे सांगितलं, "तिने नाही आणलं. मीच तिला आणलंय."

आत मला एकटीलाच जावं लागलं. खोली गार होती. मशीन उंच, मध्ये एक सपाट पाटी आणि तिच्यावर खाली-वर होणारी पारदर्शक प्लास्टिकची दुसरी पाटी. तिथली टेक्निशियन माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसावी. तिने वरचे कपडे काढून समोरून उघडा राहणारा गाउन घालायला सांगितला. कुठे गाठ लागतेय का, घरात कोणाला आहे का, गरोदर नाही ना, हे विचारलं. घरातल्या प्रश्नाला मी ताईचं सांगितलं. आईचं सांगताना अडखळले. माहीत नाही, पण असावं, असं म्हणाले.

मग तिने मला मशीनला चिकटून उभं केलं. खांदा खाली सोडा, मान तिकडे वळवा, हनुवटी वर. तिने हाताने माझी छाती उचलून पाटीवर नीट पसरली. सेहेचाळीस वर्षांत नवरा, मूल आणि बाळंतपणाच्या वेळच्या डॉक्टरीणबाई सोडून दुसऱ्या कोणी तिथे हात लावला नव्हता. तिच्या हाताला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं, चपाती लाटताना हात फिरावा तसा तो फिरत होता. वरची पाटी खाली यायला लागली. दाब वाढला, आणखी वाढला, आता बास असं मी म्हणणार इतक्यात तिने सांगितलं, "श्वास धरा." मशीनचा बारीक आवाज झाला आणि पाटी आपोआप सुटली. दुखलं. पण ताईने सांगितलं होतं तसं चटकन संपलंही. एक फोटो वरून, एक तिरका, काखेपर्यंतचा. मग दुसऱ्या बाजूचे तसेच. छाती अशी दाबल्याशिवाय आतलं एकावर एक येतं आणि नीट दिसत नाही, म्हणून दाबावी लागते, असं तिने काम करता करता सांगितलं.

मला वाटलं, संपलं. मी गाउन ओढून घेतला. ती म्हणाली, जरा थांबा, मॅडमना फोटो दाखवून येते. ती गेली आणि मी त्या गार खोलीत स्टुलावर बसून राहिले. परत आली तेव्हा तिने माझ्याकडे न बघता मशीन पुन्हा सरकवलं.

"डाव्या बाजूचा आणखी एक फोटो घ्यायचाय."

मी विचारलं, का? ती म्हणाली, कधीकधी घ्यावा लागतो. मी पुन्हा विचारलं, काय दिसलं? ते मॅडम सांगतील, ती म्हणाली. या वेळी पाटी लहान होती आणि दाब एकाच जागेवर होता. मला दुखलं की नाही ते आठवत नाही. ताईची गाठ डावीकडेच होती, एवढंच डोक्यात होतं. फोटो झाल्यावर तिने सांगितलं, बाहेर बसा, कपडे घालू नका, गाउनवर ओढणी घ्या. सोनोग्राफीही करायची आहे.

बाहेर आले. नवरा पार्किंगला लावलेली गाडी हलवायला गेला होता. ताईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली बाजू?"

"डावी."

तिने माझा हात हातात घेतला आणि हळूहळू सांगायला लागली. आता सोनोग्राफी करतील. त्यात शंका वाटली तर सुईने तुकडा काढतात, ती जागा बधिर करतात, घाबरायचं नाही. मग रिपोर्टची वाट बघायची, ते दिवस सगळ्यात वाईट. ऑपरेशन आपल्याच डॉक्टरांकडे करू. केस गळायची वाट बघायची नाही, आधीच बारीक कापून घ्यायचे, म्हणजे उशीवर बघून जीव तुटत नाही. मुलीची परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही. तिला येरवड्याला घेऊन जाईन, माझ्याकडे अभ्यास करेल.

ती माझ्या आजारपणाची आखणी करत होती. स्वतःला जिना चढवत नव्हता, पण माझी मुलगी सांभाळायचं तिने ठरवूनही टाकलं होतं. मी म्हटलं, "ताई, पाया पडते, बोलू नकोस." ती थांबली. म्हणाली, "मला गप्प बसता येत नाही गं. गप्प बसले की आई दिसते."

सोनोग्राफीला आत बोलावलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गार जेल लावून डाव्या बाजूवर यंत्र फिरवलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवलेली होती. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. एका जागी त्या थांबल्या, यंत्र दाबलं, माप घेतलं, पुढे गेल्या, पुन्हा तिथेच आल्या. मी विचारलं, मला जगायला मिळेल का? असा वेड्यासारखा प्रश्न आपण कधी कुणाला विचारू, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी यंत्र उचललं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"पाण्याच्या गाठी वाटतायत," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. पण लेखी रिपोर्ट उद्या मिळेल."

"वाटतायत" या एका शब्दावर मी तो सगळा दिवस आणि दुसरा अर्धा दिवस लोंबकळत राहिले. ताईला तिच्या घरी सोडताना मी तिला सांगितलं. तीही "वाटतायत" एवढंच पुन्हा म्हणाली.

रिपोर्ट दुपारी फोनवर आला. दोन्ही स्तनांची घनता जास्त आहे, डाव्या बाजूला साध्या, पाण्याने भरलेल्या गाठी आहेत, चिंतेचं काही आढळलं नाही, वर्षाने पुन्हा तपासणी करावी. मी तो ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला. समजला नाही म्हणून परत वाचला. मग ताईच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी फोन करून सांगितलं की चांगला आहे. कित्येक बायकांना असे जादाचे फोटो काढायला लागतात आणि बहुतेकींचं काही निघत नाही, हेही ते आता म्हणाले. आधी कुणी सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. नवऱ्याला फोन केला. तो बोलता बोलता रडायला लागला, आणि त्याच्या मागे त्याच्या ऑफिसमधली माणसं काय झालं म्हणून विचारत होती.

ताईला फोनवर सांगायचं मला जमेना. रजा टाकून येरवड्याला गेले. ती खिडकीपाशी कॉटवर बसली होती. मी सांगितलं, काही नाही निघालं. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, बरं झालं, बरं झालं, असं म्हणत राहिली. चहा ठेव म्हणाली. मी चहा घेऊन आले तेव्हा तिने स्कार्फ काढून हातात घेतला होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

"मग मलाच का?" ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"आपण दोघी एकाच पोटातल्या ना? तुला नाही झालं याचा मला आनंद आहे. खोटं नाही बोलत. पण मलाच का गं? मी काय केलं होतं?" आजार कळल्यापासून तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. शस्त्रक्रियेच्या दिवशीही ती नर्सना त्यांच्या मुलांच्या शाळा विचारत होती. आता ती रडायला लागली, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी. मी जवळ गेले तर तिने हाताने मला मागे सारलं. "तू जा आता. आज तू मला नको."

मी गेले. बंडगार्डनच्या पुलावर रिक्षा अडकली होती आणि मी तिच्यात बसून माझ्या चांगल्या रिपोर्टला शिव्या घालत होते. सकाळपर्यंत ज्याच्यासाठी मी काहीही दिलं असतं, तेच आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसलं होतं. आम्ही दोघी एका बाजूला आणि आजार समोर, असं आजवर होतं. आता मी पलीकडे गेले होते, ठणठणीत लोकांच्या बाजूला.

पुढे कित्येक दिवस तिने सकाळचा फोन उचलला नाही. तिच्या शेजारी राहणाऱ्या मावशींकडून मला तिची खबर मिळायची. जेवते, झोपते, कोणाशी बोलत नाही. पुढच्या केमोला मी न विचारता हॉस्पिटलमध्ये जाऊन उभी राहिले. तिने मला बघितलं, जा म्हणाली नाही. सलाईन सुरू झालं. मी पायाशी बसून तिच्या तळव्यांना तेल लावत होते, कारण औषधाने तिथे मुंग्या यायच्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत करायचीय ना तुला?" मी मान हलवली. "चुकवू नकोस," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ती एवढंच बोलली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

ताईचा उपचार उन्हाळ्यात संपला. थोडे केस आले, ती शाळेतही जायला लागली. दिवाळीनंतर तिची पाठ दुखायला लागली. खुर्चीवर वाकून बसल्यामुळे असेल, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत राहिलो. स्कॅनमध्ये तोच आजार हाडात पसरलेला दिसला. आता गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात, यावर काही वर्षंही जातात. किती, ते सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. मी तिला माझ्याकडे वारज्याला घेऊन आलेय. मुलीच्या खोलीत तिची कॉट टाकली आहे.

काल माझी दुसरी मॅमोग्राफी झाली, रिपोर्ट अजून यायचाय. या वेळी मी एकटीच गेले. रांगेत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, पहिलीच वेळ होती त्यांची, ओढणीचं टोक पिळत होत्या. त्यांनी मला विचारलं, फार दुखतं का हो? मी त्यांना खरं ते सांगितलं, की दुखतं, पण लगेच संपतं, आणि आत थांबवून आणखी फोटो काढले तर लगेच वाईटच धरून चालू नका. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. मग माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले.